बंद शटरांवरचं घर

चौथ्या मजल्यावर राहायला जायचं ठरलं, त्या दिवशी आई कुणाशी बोलली नाही. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत राहिली. टोपलं भरलं तरी तिचे हात थांबेनात. शेवटी आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "अगं, बस कर आता. गावजेवण हाय का?" तेव्हा तिनं परातीतलं उरलेलं पीठ डब्यात टाकलं आणि मागच्या दारी जाऊन बसली. भूकंपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती, पण लातुरात अजून कुणी वरच्या मजल्यावर राहायला धजत नव्हतं. ज्यांच्या स्वतःच्या माड्या होत्या तेसुद्धा खालीच अंथरुणं घालत. आईचं माहेर औशाच्या पुढं. तिची धाकटी बहीण, माझी शकूमावशी, तिथल्या घराच्या भिंतीखाली गेली होती. आई त्याबद्दल बोलत नसे. फक्त रस्त्यावरून जड ट्रक गेला की तिचा हात आपोआप जमिनीवर टेकायचा, आणि ट्रक लांब जाईपर्यंत तिथंच राहायचा.

आप्पा एका डाळमिलमध्ये यंत्रांची देखभाल करायचे. त्यांचा लोखंडावर आणि सिमेंटवर विश्वास. ते आईला परत परत समजावत, "दगडमातीच्या भिंती पडल्या गं. पिलरचं घर हलतं, पण उभं राहतं. आन लोक भितात म्हणून तर वरचा मजला आपल्यासारख्याला मिळायलाय." त्यांचं म्हणणं खरंच होतं. खालच्या मजल्यावर घर घेण्याची आमची ऐपत नव्हती. चौथा मजला कुणालाच नको होता, म्हणून तो आमच्या वाट्याला आला.

त्याआधी आम्ही गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत भाड्यानं राहायचो. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा, आणि ओट्याला लागूनच दुकानं. एका बाजूला बांगड्यांचं, दुसऱ्या बाजूला रहीमचाचांचं शिलाईचं, समोर किराणा आणि भज्याची गाडी. गल्लीत एकही घर दुसऱ्यापेक्षा उंच नव्हतं. तोंडाशी उभं राहून हाक मारली तर आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायची. सकाळी शटर वर जाण्याचे आवाज, मग रहीमचाचांच्या मशीनचा, दुपारी गाडीवाल्याच्या कढईचा, संध्याकाळी बांगड्या चढवून घेणाऱ्या बायकांचा. शिकवणीहून यायला मला जरा उशीर झाला की रहीमचाचा मशीन न थांबवता विचारायचे, "क्यूं बेटा, आज देर?" त्या विचारण्याचा मला राग यायचा. वाटायचं, या लोकांना दुसरं काही काम नाही का. आपण कुठं जातो, कधी येतो, कुणाबरोबर येतो, हे सगळ्या गल्लीला कशाला ठाऊक हवं. नव्या इमारतीत कुणी विचारणार नाही, या विचारानं मी तेव्हा खूश होते.

इमारत बार्शी रोडच्या बाजूला, नव्यानं प्लॉट पडलेल्या भागात होती. आजूबाजूला बाभळी, अर्धवट पाये, वाळूचे ढीग, आणि मध्येच ही एकटी चार मजल्यांची इमारत. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून ओळीनं दुकानांचे गाळे होते. सगळ्यांची शटरं खाली. मालकाला वाटलं होतं की वर माणसं राहायला आली की खाली दुकानं आपोआप येतील. पण भीतीनं वर माणसं आली नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून दुकानदार आले नाहीत. ज्यांनी घरं घेऊन ठेवली होती त्यांनी कुलपं लावली आणि ते जुन्या जागीच राहिले. पहिल्या मजल्यावर बँकेतले देशमुख साहेब आणि त्यांची बायको, तेही आठवड्यातून दोनदा गावाला जाणारे. दुसरा आणि तिसरा मजला बंद. चौथ्यावर आम्ही तिघं. जिना गाळ्यांच्या मागून वर चढायचा, त्यामुळे रस्त्यावरून तो दिसतच नसे.

आता सांगायला हरकत नाही, की कुठल्याही इमारतीकडे मी आजही खालून वर बघते. मुलीनं पुण्यात घर घ्यायचं ठरवलं तेव्हा तिनं मला बाराव्या मजल्यावरून दिसणाऱ्या टेकड्या दाखवल्या. मी विचारलं, "खाली काय आहे?" ती म्हणाली, "पार्किंग." मी म्हटलं, "आणि?" ती हसली. "आई, तुला टेकड्या दाखवतेय आणि तू वाण्याचं दुकान शोधतेस." मीही हसले. पण त्या गुळगुळीत, रिकाम्या पार्किंगमधून चालताना मी भराभरा पावलं उचलली होती.

नव्या घरात आईनं पहिल्या दिवसापासून दाराजवळ झोपायला सुरुवात केली. स्वयंपाक करतानाही ती दार सताड उघडं ठेवायची. तिथं वारा फार. खिडकीच्या काचा वाऱ्यानं थरथरल्या की ती काविलता, म्हणजे उलथणं, हातात घेऊन तशीच उभी राहायची. आंबट वरणाला फोडणी देता देता तिचे कान खिडकीकडे असायचे. कधी फोडणी जळायची. आप्पा तेच जेवायचे. खाली भाजीवाला येत नसे, दूधवाला येत नसे, आणि आला तरी त्याची हाक चौथ्या मजल्यावर पोचत नसे. आई दिवसभरात कुणाशी बोलली का, असं आप्पा संध्याकाळी विचारायचे. ती म्हणायची, "कुणाशी बोलू? कुलपाशी?"

मी अकरावीला होते. गणिताची शिकवणी संपवून घरी येईपर्यंत अंधारायचं, आणि नेमके त्याच वेळी दिवे जायचे. रोज एक वेळ ठरलेलीच. आप्पांची पाळी उशिरा सुटायची. मी सायकल गाळ्यांपुढच्या कट्ट्याला लावायची, बंद शटरांच्या ओळीवरून चालत मागे वळायची आणि जिना चढायची. शटरांसमोरून जाताना माझ्या चपलांचा आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा, तेव्हा सारखं वाटायचं की शेजारून आणखी कुणी चालतंय. मी मनात रहीमचाचांच्या मशीनचा आवाज आठवायची. तो आवाज कानात आणला की पहिला मजला पार व्हायचा.

येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावस्या, झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आदल्या दिवशी आम्ही मामाच्या शेतात जाऊन पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, आंबील, उंडे खाऊन आलो होतो. सणाचं उरलेलं घरी होतं, आणि शिकवणीत मला त्याचीच भूक लागली होती. देशमुख मंडळी गावाहून अजून परतली नव्हती. चौकापासून माझ्या मागे एक सायकल होती. मी हळू झाले की तीही हळू व्हायची. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर त्याला कळेल की मी घाबरले, असं मला वाटलं. कट्ट्याशी मी सायकल लावली तेव्हा मागची सायकलही थांबली. दिवे नव्हते. मी कुलूप न लावताच जिन्याकडे निघाले.

पहिल्या मजल्यावर पोचले तेव्हा खाली पायरीवर पाऊल पडलं. मी थांबले. तेही थांबलं. मी चढले. तेही चढलं. चपलांचा आवाज नव्हता, बुटांचा होता, आणि त्याला घाई नव्हती. ओरडावं असं मनात आलं, पण आईला ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं, आणि ओरडून कुणी आलं नाही तर त्यालाही ते कळलं असतं. दुसऱ्या मजल्यावर मला एक युक्ती सुचली. मी डावीकडच्या बंद दारावर थाप मारली आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "काकू, दार उघडा, मी आले."

अंधारातून, अगदी जवळून, शांतपणे कुणी बोललं, "तिथं कुणी न्हाई."

त्या आवाजात धमकी नव्हती. पत्ता सांगावा तसं त्यानं सांगितलं. त्याला इमारत माहीत होती. कुठल्या दारामागे माणूस आहे आणि कुठल्या नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी धावले तेव्हा माझ्या दप्तराचा पट्टा त्याच्या हातात आला. क्षणभर मी मागे ओढली गेले. मग मी खांदा सोडवला, दप्तर त्याच्या हातात राहिलं, आणि मी कशी वर पोचले ते मला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आमचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं आणि आत मेणबत्तीच्या उजेडात आई भज्जी गरम करत होती. खालून बुटांचा आवाज सावकाश उतरत गेला.

"दम का लागलाय?" आईनं विचारलं.

"पळत आले."

"आन दप्तर?"

"शिकवणीत राहिलं."

मी दार लावून घेतलं. आई म्हणाली, "उघडं राहू दे, हललं बिललं तर..." मी म्हटलं, "थंडी वाजायलीय." ती माझ्याकडे बघत राहिली. ताटातली भज्जी मी परत पातेल्यात टाकली.

सकाळी आप्पा कामाला जाताना खालूनच परत आले. माझं दप्तर त्यांच्या हातात होतं. "जिन्याच्या जाळीला अडकवलं होतं. शिकवणीतल्या कुण्या पोरीनं आणून दिलं वाटतं. भली पोरगी हाय." दप्तर नीट बंद केलेलं होतं. वह्या होत्या, कंपास होता, सगळं जागच्या जागी. काही गेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग तो चोर झाला असता. न चोरता, न फाडता, बक्कल लावून परत ठेवून गेलेला माणूस कोण असतो, हे मला समजेना. त्याचा चेहरा मी पाहिलेला नव्हता. त्यामुळे पुढं प्रत्येक चेहरा त्याचा होऊ शकत होता. पेट्रोल पंपावरचा, शिकवणीच्या बाहेर उभा राहणारा, आमच्या मीटरचे आकडे घ्यायला येणारा.

मी घरी का सांगितलं नाही, याचं कारण सरळ होतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीनं असंच काही सांगितलं होतं, आणि तिची शाळा बंद करून पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं होतं. आप्पा वाईट नव्हते. पण भ्यायलेला बाप काय करतो ते मी पाहिलं होतं. म्हणून मी पोट दुखतं म्हणायची, सर आले नाहीत म्हणायची, शिकवणी अर्धी सोडून उजेडात घरी यायची. जे दिवस टळत नसत, त्या दिवशी आप्पांची पाळी सुटेपर्यंत चौकातल्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहायची आणि त्यांच्या सायकलमागे घरी यायची. गणित मागे पडत गेलं. आईला वाटे, मलाही तिच्यासारखीच उंचीची भीती बसली. ती मला जवळ घेऊन म्हणायची, "मला सवय व्हायलीय बघ. तुलाही व्हईल." तिला सवय झालेली नव्हती हे मला माहीत होतं.

उन्हाळा लागता लागता एका रविवारी मालक एका बाईंना घेऊन वर आले. बाई निलंग्याकडच्या, नीलाबाई नाव. उंच, सावळ्या, कपाळाला विभूती, बोलताना मधूनच कानडी शब्द. त्यांना कोपऱ्यातला गाळा पिठाच्या गिरणीसाठी हवा होता. मालक म्हणाले, "गिरणीची मोटर मोठी असते. वरच्यांची तक्रार नको, म्हणून विचारायला आलो." देशमुख साहेबही आले होते. ते म्हणाले, "हादरे आम्हालाही बसतील, पण वर जास्त जाणवतंय म्हणतात. चौथ्या मजल्यावाल्यांनी न्हाई म्हटलं तर आपण न्हाईच म्हणू."

आईनं चहाचे कप खाली ठेवले. "हादरे म्हणजे?"

नीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "अक्का, दगड फिरला की थोडं थरथरतंच. खोटं कशाला सांगू?"

आईचा चेहरा पांढरा पडला. "मग नको," ती म्हणाली. "दुसरं कुणीही येऊ द्या. गिरणी नको." आप्पा तिला समजवायला लागले, मोटरखाली रबर बसवता येतं, पायाला काही होत नाही. तिनं मान हलवली. "तुम्ही दिवसभर मिलमध्ये. मी इथं. खरा आला तर मला कसं कळणार, गिरणी हाय का तो हाय?"

 नीलाबाई उठल्या, म्हणाल्या, "असू द्या अक्का. भीतीपुढं काय बोलायचं." मालक म्हणाले, उद्या शेवटचं सांगा, आणि सगळे जिना उतरून गेले. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. इतक्या महिन्यांत त्या शटरांकडे आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं. गिरणी आली असती तर खाली उजेड असता, डबे घेऊन बसलेल्या बाया असत्या. दिवे गेले तर त्या उठून जाणार नव्हत्या, उलट दळण अर्धं राहिलं म्हणून अंधारातच गप्पा मारत बसणार होत्या. मला नेमकं तेच हवं होतं, आणि ते आईच्या एका शब्दानं जिना उतरून गेलं होतं.

आप्पा दुपारी झोपले तेव्हा आई गच्चीवर पापड उलटायला गेली. मी मागे गेले. पापड उलटता उलटताच मी तिला सांगितलं. सायकलीपासून दप्तरापर्यंत, सगळं. तिच्याकडे न बघता सांगितलं. "तिथं कुणी न्हाई," हे त्याचे शब्द मी सांगितले, तेव्हा तिचे हात थांबले.

"हात लावला?" तिनं विचारलं.

"पट्टा धरला. मी दप्तर सोडलं."

"येळवशीपासून तू ह्या जिन्यानं एकटी यायलीस?"

"आप्पासंगं. न्हाईतर उजेडात."

ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. एरवी ती कठड्याजवळ जात नसे. तिथून तिनं खाली पाहिलं, रिकामा रस्ता, बाभळी, गाळ्यांची पत्र्याची पडवी. मग म्हणाली, "आप्पाला सांगू नको. ते तुझं शिक्षण बंद करतील." आणि थोड्या वेळानं, "मला आधी सांगायचं होतंस," असंही म्हणाली, पण रागावून नाही. तिनं माझी वेणी सोडली आणि तिथंच उन्हात बसून पुन्हा घातली, लहानपणी घालायची तशी घट्ट. तिची बोटं गार होती.

संध्याकाळी आप्पा चहा पीत होते तेव्हा ती म्हणाली, "त्या गिरणीवाल्या बाईला हाव म्हणून सांगा, येऊ द्या तिला."

आप्पांनी कप खाली ठेवला. "सकाळी तर..."

"दळायला तीन चौक लांब जावं लागतंय. डबा उचलून माझी कंबर गेली. खाली झाली तर बरंच हाय की." त्यांच्या डोळ्याला डोळा न देता तिनं हे सगळं एका दमात म्हटलं. आप्पा खूश झाले. बायकोला अखेर पिलरचं घर पटलं, असं त्यांना वाटलं असावं.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी मी शिकवणीला गेले आणि शेवटपर्यंत बसले. त्या संध्याकाळी दिवे गेले नव्हते, आणि परत येताना चौकापासूनच गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकू येत होता. कोपऱ्यातल्या गाळ्यातून उजेडाचा एक मोठा चौकोन रस्त्यावर पडला होता आणि त्यात पीठ उडत होतं. डबे ओळीनं मांडलेले, बाया कट्ट्यावर टेकलेल्या, नीलाबाईंच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मला बघून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "वरची ना तू? का गं, येवढा उशीर?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली आणि जिन्याकडे वळले. भीती तरीही होतीच. मनात आलं, तो याच रांगेत डबा घेऊन उभा असेल तर? मी चढत गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारापाशी मी कठडा धरला, पण तिथंही गिरणीच्या आवाजावर ओरडून चाललेलं खालच्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्दन् शब्द.

वर दार उघडं होतं. आई उंबऱ्यात बसली होती. दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. फरशी खरंच थरथरत होती, मला तळपायाला जाणवलं. मी तिच्याजवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. तो घामानं भिजला होता. "बंद करायला सांगू?" मी विचारलं. तिनं डोळे उघडले, मी आले आहे हे पाहिलं. "न्हाई," म्हणाली. "चालू दे."

पुढं शेजारचा गाळा किराण्यानं घेतला, मग एक शिंपी आला, मग वह्या-पुस्तकांचं दुकान. खाली गजबज दिसली तशी वरची कुलपं एकेक करून निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दारामागे उदगीरचं एक कुटुंब राहायला आलं, आणि त्या काकूंना मी खरोखरच काकू म्हणायला लागले. आता त्या रस्त्यावर आमच्या दुप्पट उंचीच्या इमारती आहेत. वर शिकवण्या आणि मुलींची वसतिगृहं, खाली खानावळी, झेरॉक्स, ज्यूसची दुकानं. संध्याकाळी तिथून जाताना मी दप्तरवाल्या पोरी बघते आणि मग नकळत, कुठलं शटर बंद आहे तेही बघते.

आप्पा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत राहिले, की भूकंपाची भीती हिच्या मनातून कुणी काढली असेल तर त्या गिरणीनं. लोक हसायचे. आई उठून पाणी आणायला आत जायची. आप्पा गेल्यावर एकदा, भाजी निवडता निवडता, मी तिला विचारलं, की खरंच गेली होती का भीती, निदान सवयीनं तरी.

"न्हाई," ती म्हणाली. "रोज पट्टा सुरू झाला की वाटायचं, आता गेलं सगळं. मग तुझी चप्पल जिन्यात वाजली की वाटायचं, आता पडलं तरी दोघी संगं हाव."